न दिलेली जांभई

पोटातल्या बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी करणाऱ्या त्या डॉक्टरांना त्यांच्या पेशंट बायका पाठीमागे रेडिओबाई म्हणत. डॉक्टरांना ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही होतं. एकदा पोटावर जेल लावून प्रोब टेकवला की त्यांचं जे सुरू व्हायचं, ते पोट पुसायला टिश्यूपेपर हातात देईपर्यंत थांबायचं नाही. "हा बघ हात. मूठ कशी आवळलीय, कुणाशी भांडायचंय कोण जाणे. आता जरा वळ रे बाळा, आम्हाला तुझं हृदय बघायचंय, पाठ नाही." असं चालायचं. यातलं निम्मं बाळाला उद्देशून असे, उरलेलं आईला, आणि थोडंफार मशीनलाही. मशीन जुनं होतं आणि चुचकारल्याशिवाय चालत नाही अशी बाईंची पक्की समजूत होती.

ही सवय जन्मजात नव्हती, असं सांगितलं असतं तर कुणाला खरं वाटलं नसतं. शिकत होत्या तेव्हा त्यांच्या सरांच्या खोलीत टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता असे. सर तोंड मिटून पडद्याकडे बघत, आणि टेबलावरची बाई सरांच्या तोंडाकडे बघे. एकदा अशाच शांततेत एका बाईने हळूच विचारलं, "गेलं का हो?" बाळ ठणठणीत होतं. सर नुसती मापं घेत होते. आपल्या खोलीत कुणाच्या मनात हा प्रश्न येता कामा नये, असं रेडिओबाईंनी त्याच दिवशी ठरवून टाकलं.

पण काही वावगं दिसलं तर? त्यासाठीही त्यांनी एक वाक्य बसवून ठेवलं होतं. "आता मी थोडा वेळ गप्प बसून नीट बघणार आहे. गप्प बसले म्हणजे वाईटच आहे असं नाही. पण बघून झालं की जे असेल ते सांगेन." हे बोलताना त्या हात थांबवत आणि बाईच्या डोळ्यांत बघत. हे वाक्य त्यांनी किती बायकांना ऐकवलं असेल याची गणती नाही. घाबरायच्या त्या बायका, काही रडायच्याही, पण रेडिओबाईंनी आपल्याला फसवलं असं त्यांच्यातली एकही म्हणाली नव्हती.

ज्या दिवशी ते वाक्य बोलायचं राहून गेलं त्या दिवशी आलेली बाई शिवणकाम करणारी होती. बाजाराच्या रस्त्यावर तिचं छोटंसं दुकान होतं. बरोबर नवरा होता, इमारतींमधली वायरिंगची कामं करणारा, आणि सासू होती. सासूच्या तोंडाचा पट्टा असा, की रेडिओबाईंना आपल्याला कुणीतरी तोडीस तोड भेटलं असं वाटून गेलं.

"तुमचं फार नाव ऐकलंय, डॉक्टरीणबाई," सासू दारातूनच म्हणाली. "तुम्ही फार बोलता म्हणे. मीपण बोलते. येऊ का आत?"

"या की मावशी. पण एका खोलीत दोन-दोन जणी बोलायला लागल्या तर बाळाला काही ऐकू यायचं नाही."

सासू खळखळून हसली, "ते खरंच," म्हणाली आणि बाहेरच्या बाकावर जाऊन शेजारच्या बाईला बोलतं करायला लागली. नवराही बाहेरच थांबला. त्याला हे असलं काही बघवत नाही, असं त्याने आधीच सांगून टाकलं होतं.

शिवणवाली मात्र हसली नव्हती. ती टेबलावर आडवी झाली, ओढणी बाजूला केली, आणि रेडिओबाई प्रोब टेकवणार तोच तिने त्यांचं मनगट धरलं.

"मॅडम, एक सांगू? मागच्या खेपेला दुसरीकडे दाखवलं होतं. ते डॉक्टर बघता बघता गप्पच झाले. मग बाहेर जाऊन आणखी एकाला घेऊन आले. तेही गप्प. मी विचारतेय आणि कोणी माझ्याकडे बघतसुद्धा नाही." तिने मनगट सोडलं नव्हतं. "ते बाळ राहिलं नाही. पण मॅडम, मला ते दोघांचं गप्प उभं राहणंच अजून दिसतं. तुम्ही काहीही बोला, हवं तर माझ्याशी भांडा, पण गप्प बसू नका. वचन द्या."

"अगं, गप्प बसायला मला जमतंय कुठे! दिलं वचन, जा."

बाई बोलून गेल्या. अशी वचनं त्या येता-जाता देत असत.

सुरुवात छान झाली. बाळ सोयीचं पडलं होतं. "हे बघ, चार खोल्यांचं घर. दोन वर, दोन खाली. दारं कशी झटपट उघडतायत आणि मिटतायत, एकही कुरकुरत नाहीये." शिवणवालीच्या खांद्यांवरचा ताण सैल पडताना त्यांना दिसला. त्यांनी प्रोब किंचित वर कलवला.

हृदयातून दोन मोठ्या रक्तवाहिन्या निघतात. एक फुप्फुसांकडे जाते, दुसरी सगळ्या शरीराकडे. निघाल्या निघाल्या त्या एकमेकींना ओलांडून जातात, हाताची घडी घालताना हात एकमेकांवरून जातात तशा. हे ओलांडणं रेडिओबाईंच्या डोळ्यांना इतकं सवयीचं होतं की ते दिसलं हे त्यांना वेगळं कळतही नसे. त्या दिवशी त्या दोन वाहिन्या शेजारी शेजारी, एकमेकींना न शिवता, सरळ वर गेल्या.

बाळ कधी तिरपं असतं आणि डोळा फसतो. म्हणून बाई दुसऱ्या बाजूने आल्या. पुन्हा सरळच. आणखी वर सरकल्या. तिथे एका ओळीत तीन वाहिन्या दिसायला हव्यात, तर दिसत होत्या दोनच. रक्त कुठून कुठे जातंय ते दाखवणारे लाल-निळे रंग लावले. उजव्या कप्प्यातून जी निघायला हवी ती डाव्यातून निघाली होती आणि डावीकडची उजवीकडून. दोन्ही वाहिन्यांची अदलाबदल झाली होती.

ते बसवलेलं वाक्य जिभेच्या टोकावर आलं. 'आता मी थोडा वेळ...' एवढंच म्हणायचं होतं, पुढचं आपोआप आलं असतं. पण टेबलावरची बाई त्यांच्याकडे बघत होती, डोळ्याची पापणी न लववता, आणि मनगटावर तिच्या बोटांचा दाब अजून जाणवत होता. बाईंचं धाडस झालं नाही. जीभ मात्र कुणाची वाट बघत थांबली नाही.

"अगं बाई, हे बघ! जांभई देतंय! केवढा आ वासलाय. कंटाळलंय आपल्याला."

"खरंच? जांभई?" शिवणवाली हसली. पोट हललं, पडद्यावरचं चित्रही हललं.

"मग! आईवर गेलंय. मान मोडून शिवत बसतेस ना दिवसभर?"

शिवणवाली आणखी हसली. रेडिओबाईंचा हात एकेक चित्र टिपत होता, मापं घेत होता, खात्री करत होता, आणि तोंड बोटांबद्दल, पायाच्या अंगठ्याबद्दल, नाकाबद्दल बोलत होतं. आपण हे काय करतोय, हे त्यांना कळत होतं. आपलंच तोंड आहे आणि आपल्याला ते बंद करता येत नाही, याची त्यांना भीती वाटली. शेवटी त्यांनी टिश्यूपेपर दिला आणि सगळ्यांना सांगत तसंच सांगितलं, "बाहेर बस जरा. मी सगळी चित्रं पुन्हा एकदा बघते आणि बोलावते."

लहान मुलांच्या हृदयाचे डॉक्टर दोन खोल्या सोडून बसत. माणूस मोजकं बोलणारा. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून चित्रं बघितली, पुन्हा बघितली.

"अदलाबदल. पक्की. बाकी हृदय चांगलं आहे. सांगितलंत त्यांना?"

"अजून नाही."

"मग बाहेर एवढं हसतंय कोण?"

बाहेर सासूने बाक डोक्यावर घेतलं होतं. "जांभई देत होतं म्हणे! आत्तापासूनच आळशी, आजोबांवर गेलंय!" ती फोनवर बहिणीला सांगत होती, आणि ते सगळ्या बायकांना ऐकू जात होतं. नवऱ्याचा जीव भांड्यात पडला होता. तो खालच्या कँटीनमधून सगळ्यांसाठी चहा घेऊन आला होता, बाकावरच्या अनोळखी बायकांसाठीसुद्धा. एक कप त्याने रेडिओबाईंच्या टेबलावर आणून ठेवला आणि लाजत म्हणाला, "मॅडम, तुमचे उपकार झाले."

त्या चहाकडे बघत बाईंनी नवरा-बायकोला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. सासूचा फोन अजून चालूच होता, म्हणून ती आत आली नाही. बाईंनी लपवलं काही नाही. पोटात आहे तोवर बाळाला काही त्रास नाही, कारण त्याचा श्वास आई घेते. अडचण जन्मल्यावर. तेव्हा फुप्फुसांतलं चांगलं रक्त परत फुप्फुसांतच फिरत राहील आणि बाकीच्या शरीराला मिळणार नाही. बाळ निळं पडत जाईल, आणि काही तासांत गोष्ट हाताबाहेर जाऊ शकेल. पण यावर ऑपरेशन आहे. जन्मल्या जन्मल्या औषध सुरू करतात, आणि पहिल्या काही दिवसांत त्या वाहिन्या सोडवून ज्याच्या त्याच्या जागी जोडतात. फक्त बाळंतपण तिथे व्हायला हवं जिथे हे करणारे सर्जन आहेत. असं हॉस्पिटल इथे नाही, मोठ्या शहरात आहे.

नवऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"हे कधी दिसलं तुम्हाला?" शिवणवालीने विचारलं.

"काय?"

"हेच. जांभईच्या आधी की नंतर?"

"आधी," त्या म्हणाल्या.

शिवणवाली उठली. "मागच्या त्या डॉक्टरने निदान तोंड तरी मिटलं होतं," ती म्हणाली. नवऱ्याला म्हणाली, "चल. आणि आईंना यातलं एक अक्षर कळता कामा नये." दाराशी गेल्यावर तिने चेहऱ्यावर हसू आणलं, ते बाईंनी बघितलं.

त्यानंतर शिवणवाली पुन्हा आली नाही. बाईंनी फोन केला तो नवऱ्याने उचलला. आवाज दबका, पलीकडे ड्रिल चालू. "मॅडम, ती ऐकत नाहीये. आमच्याजवळ एक जुने डॉक्टर आहेत, त्यांनी पोटाला हात लावून सांगितलं, बाळ झकास आहे, ही मशीनं कधीकधी भुतं दाखवतात. त्यांच्याकडेच बाळंतपण करायचं म्हणते."

"आणि तुम्ही काय म्हणता?"

"मी काय म्हणणार? मी तुमचं नाव काढलं की म्हणते, ती बाई हसत हसत खोटं बोलली, मग तोंड पाडून बोलली ते तरी खरं कशावरून? आईला सांगावं तर शपथ घालून ठेवलीय."

त्यानंतर त्याने फोन उचलणं बंद केलं.

मुलांच्या डॉक्टरांनी समजूत घातली. "तुम्ही सांगितलंत, समजावून सांगितलंत. पुढे त्यांची मर्जी." बोलणं बरोबर होतं आणि बाईंना त्याचा काही उपयोग नव्हता. त्यांनी सांगितलं होतं, पण सांगायच्या आधीच आपल्या शब्दाची किंमत घालवून मग सांगितलं होतं. त्यामुळे ते सांगणं त्या बाईपर्यंत पोचलंच नव्हतं. तिचे दिवस भरत चालले होते. बाईंना ते जुन्या डॉक्टरांचं प्रसूतिगृह डोळ्यांपुढे दिसे. बाळ रडेल, वजन करतील, गुंडाळून आजीच्या हातात देतील, आजी सगळ्यांना फोन करत सुटेल. मग कुणाच्या तरी लक्षात येईल की ओठ निळे दिसतायत. तळपाय चोळतील, ऑक्सिजन लावतील, आणि मग एखादी गाडी शोधायला धावाधाव होईल. एवढं बघून झालं की बाई ताटावरून उठत.

कामातही त्यांचं मन लागेना. हात चाले, तोंड चालेना. एक शब्द काढायचा म्हटला तरी तो खरा आहे का, हे आधी तपासावंसं वाटे, आणि तपासेपर्यंत बाळ कूस बदलून मोकळं होई. रेडिओचे सेल संपले वाटतं, असं बाहेर बायका म्हणायला लागल्या.

अखेर एका दुपारी बाई बाजाराच्या रस्त्यावर गेल्या. पेशंटच्या मागे तिच्या घरी-दारी जायचं नाही हा त्यांचा नेम होता, आणि तो मोडताना त्यांना चोरट्यासारखं वाटत होतं. म्हणून कपाटात कित्येक वर्षं पडलेलं एक निळं कापड त्यांनी पिशवीत घालून घेतलं होतं. कुणी विचारलं तर सांगायला.

दुकान म्हणजे एक अरुंद पट्टा होता. दोन मशीनं, त्यातल्या एकावर चादर टाकलेली. भिंतीला खिळे आणि खिळ्यांना रिळं. इस्त्रीच्या टेबलावर खडूच्या रेघा मारलेला एक कोट. मागे माप घ्यायला आणि कपडे घालून बघायला एक पडदा लावलेला. दाराशी स्टुलावर सासू हातशिलाई करत बसली होती.

"अगं बाई, रेडिओ..." सासूने जीभ चावली. "डॉक्टरीणबाई! या, या. आमचं बाळ अजून जांभया देतंय का हो? सगळ्या बाजाराला सांगून झालंय माझं!"

आतल्या मशीनचा आवाज बंद पडला. शिवणवाली पायडलवर पाय ठेवून बसली होती. तिचं पोट आता मशीनच्या कडेला टेकत होतं. तिने बाईंकडे बघितलं, मग सासूकडे.

"मापं द्यायला आल्यात त्या, आई," ती म्हणाली. "या मॅडम, आत या."

पडद्यामागे दोघींना जेमतेम उभं राहता येईल एवढीच जागा होती. शिवणवालीने गळ्यातली टेप काढली. "हात वर करा." बाईंनी केले. टेप पाठीमागून फिरली, छातीवर आली, सुटली. मग कंबर. मग बाहीची लांबी. शिवणवाली एक शब्द बोलत नव्हती. ती काय मापतेय, किती भरतंय, त्यातून तिला काय कळतंय, काही पत्ता लागत नव्हता, आणि हात वर करून उभं राहण्यापलीकडे बाईंना काही करता येत नव्हतं. टेबलावरच्या बायकांना कसं वाटत असेल हे आपल्याला माहीत आहे, असं त्या आजवर समजत होत्या.

"उजवा खांदा खाली आहे तुमचा," शिवणवाली म्हणाली.

"असेल. दिवसभर प्रोब धरून. पण आजवर कुठल्या टेलरने सांगितलं नाही."

"कोण कशाला सांगेल? आत पॅड घालतात. गिऱ्हाईक आरशात बघून खूश." तिने टेप झटकली. "कशाला आलात?"

"बाळंतपण इथे करू नकोस."

"हळू बोला."

"हळूच बोलते. मी चुकले. तुला दिलेलं वचन मोडायचं नाही म्हणून मी तुला फसवलं. त्याबद्दल तू मला हवं ते बोल, जन्मात तोंड बघू नकोस. पण बाळाला त्याची शिक्षा देऊ नकोस."

शिवणवालीने टेप बोटाला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

"जांभई दिली होती का त्याने?" तिने विचारलं.

रेडिओबाईंना कळलं की आता होकार देणं फार सोपं आहे. पोटातली बाळं जांभया देतात. त्यानेही दिली असेल, त्या दिवशी नाहीतर दुसऱ्या कधी. एक 'हो' म्हटलं तर या बाईचा चेहरा उजळेल, कदाचित ती ऐकेलही.

"नाही," त्या म्हणाल्या. "म्हणजे दिली असेल तर मला माहीत नाही. मी त्याच्या तोंडाकडे बघतच नव्हते. बनवून सांगितलं मी."

शिवणवाली मागच्या भिंतीला टेकली. तिने एक हात पोटाखाली धरला, वजन पेलल्यासारखा.

"तेवढंच धरून बसले होते मी," ती म्हणाली. "म्हटलं, बाकी सगळं खोटं निघालं तरी तेवढं तरी खरं असेल. रोज झोपताना तेच बघायची. आ वासलेलं तोंड." तिचा आवाज चढला आणि तिने तो दाबला. "मग आता मी कशावर विश्वास ठेवू? सांगा ना."

"माझ्यावर नकोच ठेवूस. त्या मोठ्या हॉस्पिटलात जाऊन दाखव. माझं नाव सांगू नकोस, माझी चित्रं दाखवू नकोस, मला काय दिसलं तेही सांगू नकोस. बाळाचं हृदय बघा, एवढंच म्हण. ते त्यांच्या डोळ्यांनी बघतील. त्यांना सगळं नीट दिसलं, तर परत ये आणि खुशाल इथे बाळंत हो. मी येऊन तुझ्या सासूसमोर नाक घासेन. पण एकदा दाखव."

बाहेर रस्त्यावर कुणीतरी हॉर्न वाजवत गेलं. शिवणवालीने तो आवाज जाऊ दिला.

"ऑपरेशन केलं तर वाचेल?"

"बहुतेक बाळं वाचतात. मोठी होतात, शाळेत जातात, धावतात-खेळतात." बाई इथे थांबू शकल्या असत्या. "पण सगळी नाही वाचत."

पडदा सरकला. सासू उभी होती. हातात कुणाची तरी बाही होती आणि बाहीत सुई तशीच होती. तिचा चेहरा असा दिसत होता की हीच ती मघाची बाई, असं वाटू नये.

"मावशी..." रेडिओबाई म्हणाल्या.

"मी म्हातारी आहे, बहिरी नाही. आणि हा पडदा आहे, भिंत नव्हे."

"आई, मी सांगणार होते तुम्हाला," शिवणवाली घाईघाईने म्हणाली.

"तू काय सांगणार? दवाखान्यातून आलीस त्या दिवसापासून बाळाचं एक झबलं शिवलं नाहीस. कापून ठेवलेली तशीच खोक्यात पडून आहेत. लोकांच्या पोरांचे फ्रॉक शिवतेस, आपलं खोकं पायाने मशीनखाली सारतेस. मला दिसत नाही का? काहीतरी आहे एवढं मला तेव्हाच कळलं. काय आहे ते कळत नव्हतं."

"मग सगळ्या बाजाराला सांगत का सुटलात, बाळ छान आहे, जांभया देतंय म्हणून? रोज, रोज! माझ्या जिवाचं पाणी व्हायचं ते ऐकून."

सासूने बाहीतली सुई काढली आणि पदराच्या काठात खोचली.

"तुझ्या कानावर पडावं म्हणून," ती म्हणाली. "मला दुसरं काय येतं, बाळा?"

रेडिओबाईंनी मान खाली घातली. हातातली पिशवी कुठे ठेवावी हे त्यांना कळेना.

"ते हॉस्पिटल कुठे आहे, कुणाला भेटायचं आणि किती आधी जाऊन राहायचं, ते मला सांगा," सासू त्यांना म्हणाली. "हिला नको, मला सांगा. मी जाणार हिच्याबरोबर. लेक माझा एकटा जेवण करून खाईल, मरत नाही काही."

"आई, मी अजून हो म्हटलेलं नाही."

"मग म्हण."

शिवणवाली पडद्याबाहेर येऊन स्टुलावर बसली. टेप तिच्या बोटांतून गळून पडली, ती तिने उचलली नाही. बाहेरच्या उजेडाकडे बघत राहिली.

"दाखवून येऊ," ती शेवटी म्हणाली. "आधी नुसतं दाखवून येऊ."

"दाखवून येऊ. आणि ते म्हणाले राहा, तर राहू."

शिवणवालीने मान हलवली. हनुवटी थरथरायला लागली तशी तिने ओठ दाबून धरले, हाताच्या पाठीने नाक पुसलं, आणि उठायला लागली. "तो कोट आज द्यायचाय. गिऱ्हाईक येईल आता."

"येईल आणि जाईल. खाली बस. दवाखान्यातून आल्यापासून तू एकदाही रडली नाहीस. आता रडून घे, चांगली रडून घे." सासूने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मग जाता जाता वळून म्हणाली, "तुम्हीपण बसा, डॉक्टरीणबाई. पण आत्ता काही बोलू नका."

आणि भर दुपारी, बाजार चालू असताना, तिने दुकानाचं शटर आतून खाली ओढलं.